पहिली हत्यारे कोणती घ्यावीत? लोखंड कातणाऱ्या हाताने लाकडी लेथ धरला त्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

लाकडी लेथकडे, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून ते हत्याराने कातण्याच्या यंत्राकडे, नव्याने वळणारा माणूस बहुधा सुतारकामातून येतो किंवा निव्वळ हौसेने येतो. या प्रकरणातील गृहस्थ लोखंडाकडून आले आणि म्हणूनच त्यांच्या खरेदीची हकीकत सविस्तर लिहावीशी वाटली. ओळख पटू नये म्हणून त्यांना येथे शिवरामकाका म्हटले आहे. चिंचवड परिसरातील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी ३४ वर्षे टर्नर म्हणून काम केले. मूळ गाव सावंतवाडीजवळचे. लहानपणी चितार आळीत फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग कसा चढतो, हे तासन् तास उभे राहून पाहिल्याचे ते सांगतात. निवृत्तीनंतर तेच काम आपल्या हाताने करायचे, हा विचार नोकरीत असल्यापासूनच पक्का होता.

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा लेथ घरी येऊन पोहोचला होता: १२ इंच व्यासापर्यंतचे लाकूड घेणारा, वेग कमी-जास्त करता येणारा, टेबलावर बसणारा छोटा लेथ. त्यांच्या मुलाच्या ओळखीतून मला बोलावणे आले. मी गेली बारा वर्षे हौसेने लाकूड कातत असल्यामुळे हत्यारांची यादी मी करून द्यावी, अशी अपेक्षा होती. लेथ सोडून बाकी सगळ्यासाठी ३०,००० रुपयांची मर्यादा काकांनी स्वतःच ठरवली होती.

काय करायचे आहे, असे मी विचारले तेव्हा उत्तर तयार होते: आधी लाटणी, नातवंडांसाठी भोवरे, ताकाची रवी, देव्हाऱ्याचे खांब आणि मग लाकडी वाट्या. या उत्तराकडे मी त्या दिवशी जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले नाही. शेवटची वस्तू सोडली तर या यादीतील प्रत्येक काम दोन टोकांमध्ये धरलेल्या लांबट लाकडाचे आहे, ज्यात लाकडाच्या रेषा लेथच्या आसाला समांतर जातात. वाटीच्या लाकडात रेषा आसाला आडव्या असतात आणि एका फेऱ्यात हत्यारासमोर दोनदा रेषांची उभी टोके येतात. ही दोन कामे नुसती वेगळी नाहीत, त्यांची हत्यारेही वेगळी आहेत.

अडचण

मी पोहोचण्यापूर्वीच काकांनी ऑनलाइन आठ हत्यारांचा एक संच मागवला होता. किंमत ६,००० रुपयांच्या आत, लाकडी पेटी, मुठी चकचकीत आणि प्रत्येक मुठीवर ‘एचएसएस’, म्हणजे हाय स्पीड स्टील, असा शिक्का. माझे पहिले मत होते की असे संच वाईटच असतात असे नाही, मात्र आठातील चार हत्यारे वर्षभर पेटीबाहेर निघत नाहीत. काकांची शंका त्याहून मूलभूत होती. त्यांना पोलादच पटत नव्हते.

त्यांनी माझ्यासमोर ग्राइंडर सुरू केला, खोलीतला दिवा बंद केला आणि संचातील स्क्रेपरची, म्हणजे खरवडणाऱ्या हत्याराची, धार चाकाला हलकेच लावली. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा दाट फवारा उडाला आणि प्रत्येक ठिणगी टोकाशी फुटून तिचे चांदणे झाले. मग त्यांनी खिशातून टूलरूममधला जुना एचएसएस टूल बिट, म्हणजे लोखंड कातण्याचा धारेचा तुकडा, काढून लावला. आता ठिणग्या मोजक्या होत्या, मंद, तांबूस-नारिंगी, आणि त्या जवळजवळ फुटतच नव्हत्या. दोन्ही फवारे पाहिल्यावर सांगण्यासारखे काही उरले नाही. शिक्का काहीही असो, संच साध्या कार्बन पोलादाचा होता. परीक्षा मुठीकडच्या बाजूला न करता धारेवर का केली, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “मोठ्या ड्रिलची दांडी साध्या पोलादाची असते, वेल्ड करून जोडलेली. दांडीला विचारून धारेचं कळत नाही.”

या फरकाला व्यवहारात बराच अर्थ आहे. कार्बन पोलादाला धार फार सुरेख येते. पण कोरड्या ग्राइंडरवर ती धार निळी पडली, म्हणजे साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली, की पोलादाचे पाणी उतरते आणि निळा भाग संपेपर्यंत घासल्याशिवाय गत्यंतर नसते. एचएसएस ५०० अंशांच्या पुढेही आपला कडकपणा राखते. नवशिक्याचा हात ग्राइंडरवर रेंगाळतो, म्हणून त्याला दुसरे पोलाद जास्त सांभाळून घेते. विक्रेत्याने ‘धार घासलेली आहे’ या कारणावरून संच परत घेण्यास नकार दिला. लेथवरचे नवे हत्यार वापरण्याआधी घासून आकारात आणावेच लागते, हे त्याला पत्राने कळवूनही उपयोग झाला नाही.

त्यामुळे प्रश्न असा उरला: गेलेले पैसे गेले असे समजून नव्याने निवड करायची की याच संचावर शिकायचे?

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अर्थातच आहे त्या संचावर भागवण्याचा होता. सावंतवाडी किंवा कर्नाटकातील चन्नपट्टणच्या परंपरेतील कारागीर थोडक्या आणि साध्या हत्यारांवर अप्रतिम काम करतात, हा काकांचा युक्तिवाद खोटा नव्हता. मात्र चन्नपट्टणची खेळणी ज्या काळ्या कुड्यापासून होतात ते लाकूड मऊ आणि एकजिनसी असते, आणि तिथला हात पिढीजात असतो. काकांकडे होता आंबा, बाभूळ आणि जुन्या दारांच्या चौकटींचे सागवान. सागवानात सिलिका असल्यामुळे ते कातायला मऊ वाटले तरी धार भराभर खाते.

दुसरा पर्याय कार्बाइड या फार कठीण पदार्थाच्या धारेचा होता आणि काकांचा कल स्पष्टपणे तिकडे होता. गोल, चौकोनी आणि शंकरपाळ्याच्या आकाराचे बदलता येणारे इन्सर्ट, म्हणजे धारेचे छोटे तुकडे, बसवलेली तीन हत्यारे साधारण ८,००० रुपयांत मिळत होती. धार लावणे नाही, इन्सर्ट बोथट झाला की स्क्रू ढिला करून फिरवायचा. अर्धे आयुष्य इन्सर्टवर काढलेल्या माणसाला याहून सोयीचे काय असणार? मी विरोध केला नाही, फक्त आधी करून पाहू, असे सुचवले. काकांनी चौकोनी सळईच्या टोकाला आटे पाडून घरी असलेला लोखंडकामाचा इन्सर्ट बसवला. आंब्याचे लाकूड कापले जाण्याऐवजी भरडले गेले, कारण त्या इन्सर्टची धार मुद्दाम किंचित गोलसर ठेवलेली असते. मग त्यांनी ॲल्युमिनियमसाठीचा पॉलिश केलेला, तीक्ष्ण धारेचा इन्सर्ट लावला. त्याने काम पुष्कळ सुधारले. तरीही जिथे रेषांची टोके समोर येत होती तिथे तंतू उपसले जात होते आणि पॉलिश पेपर ८० नंबरपासून सुरू करावा लागत होता. माझ्या जुन्या गाऊजने, म्हणजे पन्हळीच्या हत्याराने, त्याच तुकड्यावर एक हात फिरवल्यावर थेट १८० नंबरने भागले. कार्बाइडची हत्यारे बहुतांशी खरवडतात, गाऊज कापते. हा फरक बोटाने लागतो.

तिसरा पर्याय फक्त त्यांच्यासारख्याला उपलब्ध होता: एचएसएसच्या टूल बिटपासून हत्यारे स्वतः बनवणे. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत असे बिट सहज मिळतात. स्क्रेपर आणि पार्टिंग टूल (लाकूड कापून वेगळे करण्याचे हत्यार) असे बनवता येते, कारण दोन्ही शेवटी सपाट पट्ट्याच आहेत. गाऊजची गोष्ट वेगळी. त्याची पन्हळ कडक झालेल्या गोल सळईत ग्राइंड करून काढावी लागते आणि ते घरगुती काम नव्हे.

चौथा पर्याय मी मांडला: तीन-चार चांगली हत्यारे सुटी घ्यावीत आणि उरलेले पैसे धार लावण्याच्या व्यवस्थेत घालावेत. बोथट महाग हत्यारापेक्षा धारदार स्वस्त हत्यार केव्हाही बरे, आणि धार वारंवार, दर वेळी त्याच कोनात लावता आली नाही तर नवशिक्याला कळतच नाही की चूक हाताची आहे की धारेची.

निर्णय

दोन बैठकांनंतर तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र केले. एचएसएसची तीन हत्यारे सुटी मागवली: लांबट ओबडधोबड लाकूड गोल करणारे पाऊण इंची रफिंग गाऊज, लांबट कामाचे तीन अष्टमांश इंची स्पिंडल गाऊज आणि तिरक्या धारेचे पाऊण इंची स्क्यू. पार्टिंग टूल काकांनी लोखंडी लेथच्या पार्टिंग ब्लेडपासून केले. आठांच्या संचातील दोन स्क्रेपर ठेवले, बाकीची हत्यारे धार लावण्याच्या सरावासाठी बाजूला काढली. त्या संचाचा हा सर्वांत चांगला उपयोग ठरला: नव्या हत्याराचा इंचभर भाग घासून फुकट घालवण्यापेक्षा असल्या पोलादावर हात बसवलेला बरा.

स्क्यूबद्दल आमच्यात मतभेद झाला. हे हत्यार नवशिक्याच्या हातून हमखास गुंतते, म्हणजे लाकडात अडकून झटका देते, म्हणून ते सहा महिने लांबणीवर टाकावे, असे मी म्हटले. लाटण्यासारखा लांब सरळ दंडगोल गुळगुळीत करायला दुसरे कोणते हत्यार आहे, असा काकांचा सवाल होता. माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते, तरी मी माझे म्हणणे सोडले नाही. त्यांनी स्क्यू मागवला तो माझ्या सल्ल्याविरुद्ध.

वाटीचे गाऊज, म्हणजे बोल गाऊज, मात्र पुढे ढकलावे, यावर एकमत झाले. लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक लगेच घेतला आणि तिथे एक साधी चौकशी राहून गेली. लेथच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, आटे एक इंची, इंचाला आठ असे होते. आलेला चक एम-३३, म्हणजे ३३ मिलिमीटर, आट्यांचा निघाला. कोणीही चक परत केला असता. काकांनी मित्राच्या वर्कशॉपमध्ये जाऊन अडॅप्टर कातून आणला, तोही अचूक. पण त्यामुळे चक बेअरिंगपासून सुमारे इंचभर पुढे गेला आणि जड लाकडाला कंप सुटू लागला. स्वतः करता येते म्हणून करून टाकणे, हा टूलरूमच्या माणसाचा गुण कधी कधी अंगाशी येतो.

प्रत्यक्ष कृती

धार लावण्याचा भाग काकांनी जसा हाताळला तसा मी कोणाकडूनही पाहिलेला नाही. सहा इंची बेंच ग्राइंडर त्यांच्याकडे होताच. त्याचे राखाडी चाक काढून ८० ग्रिटचे पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे चाक बसवले. बसवण्यापूर्वी ते चाक बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच वाजवले; खणखणीत नाद आला तेव्हाच पुढचे काम झाले. तडा गेलेले चाक बद्द वाजते, आणि मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या आसपास फिरताना ते फुटले तर काय होते, हे त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. चाकाखाली मागे-पुढे सरकणारी सळई, तिच्या टोकाला हत्याराची मूठ टेकवायचा व्ही आकाराचा खिसा आणि गाऊज धरून डावी-उजवीकडे झुलणारा छोटा धारक, एवढा सांगाडा त्यांनी भंगारातील पट्ट्यांपासून दोन दिवसांत उभा केला. कोन जुळला की नाही, हे पाहण्यासाठी धारेमागच्या उतारावर मार्करची शाई फासायची, चाक हाताने एकदा फिरवायचे आणि शाई कुठे पुसली गेली ते बघायचे. शाई टाचेकडे, म्हणजे उताराच्या मागच्या कडेला, पुसली गेली तर सळई एका बाजूला सरकवायची, धारेकडे पुसली गेली तर दुसऱ्या बाजूला. रफिंग गाऊजला ४५ अंश आणि स्पिंडल गाऊजला ४० अंश हे कोन सळईवर खुणा करून कायम केले.

पोलाद आणि धार या बाबतीत माझ्या पुढे असलेला हा माणूस कातताना मात्र अडखळला, आणि अडखळण्याचे कारण त्यांचे ज्ञानच होते. लोखंडी लेथवर टूल पोस्टात, म्हणजे पक्क्या पकडीत, आवळलेले असते. धारेखाली सहा-आठ अंशांची मोकळीक ठेवली नाही तर टूल कापत नाही, घासते. हा अप्रेंटिसच्या पहिल्या महिन्यातील धडा. लाकडी लेथवर हत्यार हातात असते आणि धारेमागचा उतार लाकडावर टेकलेला राहणे हाच त्याचा आधार. आधी उतार टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलत न्यायची. धार लाकडाला लागली की सालपट निघू लागते. काकांनी पहिल्यांदा हे केले आणि लगेच हत्यार मागे घेतले. “अहो, हे घासतंय. क्लिअरन्स कुठंय?” त्यांच्या हाताला जी चूक म्हणून शिकवलेली होती तीच इथली रीत होती. मूठ उंच धरून धार सरळ आत दाबण्याची सवय मोडायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत पाच लाटणी चुलीत गेली.

अपघात

चौथ्या महिन्यात काकांनी आंब्याचा आठ इंची गोलाकार ठोकळा फेसप्लेटवर, म्हणजे स्पिंडलला लावायच्या चकतीवर, चढवला. बोल गाऊज अजून आलेले नव्हते. ‘आधी रफिंग गाऊजने गोल करून घ्यायचे’ हे माझे वाक्य त्यांच्या लक्षात होते आणि ते वाक्य मी त्यांना लाटण्याच्या संदर्भात सांगितले होते. लेथ १,४०० फेऱ्यांवर होता, कारण आदल्या दिवशी त्यावर लाटणेच कातले होते.

रेषांची टोके समोर येताच गाऊज गुंतले. रुंद पन्हळीचे हे हत्यार दिसायला दणकट असते, पण मुठीत ठोकलेली त्याची शेपटी अरुंद आणि चपटी असते. सगळा झटका तिथेच येतो. शेपटी मुठीच्या तोंडाशी वाकली, हत्यार टेकवायच्या टूल रेस्टवर खोल खाच पडली आणि ठोकळ्याचा एक तुकडा उडून काकांच्या चेहऱ्यावरील पारदर्शक ढालीवर आदळला. डाव्या अंगठ्याला मुका मार बसला, नखाखाली रक्त साकळले. ढालीऐवजी नुसता गॉगल असता तर गाल फाटला असता.

दोन चुका इथे एकत्र आल्या. हत्यार चुकीचे होते हे उघडच आहे. वेगाची चूक तितकी चटकन दिसत नाही: लाकडाचा इंचांतील व्यास गुणिले फेऱ्या हा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवावा, असा कातणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे. आठ इंचांसाठी तो ७५० ते १,१२५ फेऱ्या सांगतो. काकांचा गुणाकार ११,००० च्या वर गेला होता, तोही अजून गोल न झालेल्या आणि अडॅप्टरमुळे नव्हे तरी स्वतःच्या वजनाने थरथरणाऱ्या ठोकळ्यावर. शिवाय माझे वाक्य अर्धवट होते, हे मला मान्य करावे लागते. हत्याराच्या नावातच ‘रफिंग’ असल्यावर नवशिक्याने ते कुठल्याही ओबडधोबड लाकडाला लावले तर दोष त्याचा एकट्याचा नाही.

निष्पत्ती

पुढच्याच आठवड्यात बोल गाऊज मागवले. ते ब्रिटिश बनावटीचे होते आणि तीन अष्टमांश इंची म्हणून मागवले होते. पार्सल उघडल्याबरोबर काकांनी वर्नियर लावला आणि मला फोन केला: “चुकीचं पाठवलंय, १२.७ मिलिमीटर भरतंय.” काहीही चुकले नव्हते. ब्रिटनमध्ये बोल गाऊजचे माप पन्हळीवरून सांगतात, अमेरिकेत सळईच्या बाहेरच्या व्यासावरून. ब्रिटनमधले तीन अष्टमांश म्हणजे अमेरिकेतले अर्धा इंच. सळई जाड, गोल आणि मुठीत शेवटपर्यंत तशीच गेलेली असल्यामुळे वाटीतला झटका ती सोसते.

आज नऊ महिन्यांनंतर लाटणी, भोवरे आणि तीन वाट्या तयार आहेत. देव्हाऱ्याचे खांब अजून झालेले नाहीत, कारण चारही खांब सारखे येईनात. खर्च मर्यादेच्या २,००० रुपये वर गेला, आणि पहिला संच फसला नसता तर तो मर्यादेतच राहिला असता. रोजच्या वापरात स्पिंडल गाऊज, स्क्यू, पार्टिंग टूल आणि बोल गाऊज आहेत. कार्बाइडचे घरगुती हत्यार टाकून दिलेले नाही. जुन्या चौकटींच्या सागवानात खिळ्याचा तुकडा दडलेला असेल अशी शंका आली की काका पहिला हात त्यानेच फिरवतात.

वेगळे काय करता आले असते

स्क्यूच्या बाबतीत मी चुकलो. ते गुंतते हे खरे, पहिल्याच आठवड्यात एका लाटण्यावर त्याने स्क्रूसारखी सर्पिल खाच पाडली हेही खरे. पण ज्याची पहिली दहा कामे लाटण्याची आहेत त्याला स्क्यूपासून दूर ठेवणे म्हणजे प्रत्येक लाटणे पॉलिश पेपरने सरळ करायला लावणे होते. मी यादी माझ्या अनुभवावरून केली, त्यांच्या कामांवरून केली नाही.

चक सहा महिने उशिरा घेतला असता तरी चालले असते. लाटणे दोन टोकांमध्ये होते, भोवऱ्यासाठी साधा स्क्रू चक पुरतो आणि वाटी फेसप्लेटवर सुरू करता येते. त्या पैशांत बोल गाऊज पहिल्याच खेपेस आले असते आणि तो अपघात बहुधा टळला असता. वाटी ‘नंतर’ करू, असे ठरवताना ते नंतर कधी येणार, हे आम्ही दोघांनीही ठरवले नव्हते. लेथवर चढेल असा ठोकळा घरात आल्यावर माणूस थांबत नाही.

ठिणगीची परीक्षा प्रत्येकाला जमणारी नाही. ज्याच्या घरी तुलनेसाठी खात्रीचा एचएसएसचा तुकडा नाही त्याने शिक्क्यावर विसंबून संच घेण्यापेक्षा ओळखीच्या कातणाऱ्याने वापरलेले एकच हत्यार विकत मागावे, असे मला वाटते.

वाकलेली शेपटी काकांनी सरळ केली नाही. एकदा वाकलेल्या पोलादावर पुन्हा भार टाकायचा नाही, हा टूलरूमचा नियम इथे उपयोगी पडला. नवे रफिंग गाऊज आले तेव्हा त्याच्या मुठीवर त्यांनी तांबड्या ऑइल पेंटने दोन शब्द लिहिले: ‘वाटीला नाही’. मीही घरी येऊन माझ्या मुठीवर तेच लिहिले.